फुलांची मूठ, कशिद्याचा पाय

चिनी भाषेत चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे : ‘ह्वा छ्वान श्यू तुई’. ह्वा म्हणजे फूल, छ्वान म्हणजे मूठ, श्यू म्हणजे कशिदा आणि तुई म्हणजे पाय. फुलांची मूठ आणि कशिद्याचा पाय. ऐकताना एखाद्या शृंगारिक गाण्याचा मुखडा वाटावा, पण ही चक्क शिवी आहे. ज्याचे हातपाय बघायला देखणे आणि वेळ आली की कुचकामी, अशा पहिलवानासाठी राखून ठेवलेली. ज्या देशानं जगाला हवेत उडून लाथ मारणारे नायक दिले, त्याच देशाच्या भाषेत त्या लाथेची टवाळी करणारा शब्दही तयार आहे, याची मला फार गंमत वाटते.

आमच्या मोहल्ल्यातली पोरं संध्याकाळी मैदानावर गिरक्या घेत असतात. एक पाय जमिनीवर, दुसरा डोक्याच्या वर, मध्येच एक कोलांटी. त्यातल्या एकानं परवा विचारलं, ‘‘चाचा, ही लाथ खरंच लागते का हो? की नुसती पिक्चरमध्ये?’’ मी म्हटलं, ‘‘मी कविता करणारा माणूस. मला काय विचारतोस?’’ तर म्हणतो, ‘‘तुम्ही पुस्तकं वाचता ना!’’ आता पुस्तकं वाचल्याचा आरोप आल्यावर उत्तर देणं भागच होतं. रेडिओवर पाय करून दाखवता येत नाही, ही एक सोय आहे. तेव्हा शब्दांतच सांगतो.

हा प्रश्न आजचा नाही. तो साडेचारशे वर्षांपूर्वी एका सेनापतीला पडला होता, आणि त्याच्यासाठी तो माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. त्याचं नाव छी जिग्वांग. जन्म १५२८, मृत्यू १५८८. मिंग घराण्याचं राज्य होतं आणि चीनच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्री लुटारूंनी उच्छाद मांडला होता. त्यांना ‘वोकोउ’ म्हणत, म्हणजे जपानी चाचे. प्रत्यक्षात त्यांच्यात चिनी माणसंही पुष्कळ होती. हातात लांब जपानी तलवारी, आणि लढण्याचा रोजचा सराव. समोर सरकारी फौज उभी राहायची ती कवायतीत छान दिसणारी. भाले गरागरा फिरवणारी, पवित्रे घेणारी. आणि पहिल्या धडकेत पळणारी.

छी जिग्वांगनं काय केलं? १५५९ मध्ये त्यानं झेजियांग प्रांतातल्या यीवू भागातून नवी माणसं भरती केली. शेतकरी आणि खाणकामगार. शहरातली चटपटीत, बोलघेवडी, चार हात शिकलेली माणसं त्याला नको होती. काळवंडलेले, हाताला घट्टे पडलेले, सांगितलं तेवढं निमूट करणारे गडी हवे होते. त्यांची त्यानं बारा-बारा जणांची पथकं केली. एक म्होरक्या, दोन ढालवाले, दोघांकडे फांद्या न छाटलेले लांब बांबू, चौघांकडे लांब भाले, दोघांकडे आखूड त्रिशूळासारखी हत्यारं आणि बारावा स्वयंपाकी. फांद्यांचा बांबू शत्रूच्या तोंडासमोर धरायचा, तलवार त्यात अडकली की भालेवाल्यानं भोसकायचं. यात डोळ्यांना सुखावणारं काहीच नाही. पण १५६१ मध्ये थाईझोउच्या परिसरात याच माणसांनी चाच्यांना लागोपाठ धूळ चारली.

याच सुमारास, १५६० च्या आसपास, त्यानं ‘जीश्याव शिन्शू’ नावाचा युद्धशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यात तो पुन्हा पुन्हा एका गोष्टीवर चिडतो : ‘फुलांच्या पद्धती’. म्हणजे बघणाऱ्याला खूश करण्यासाठी शिकवलेल्या हालचाली. रणांगणात दहा हजार माणसं खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात, तिथे गिरकी घ्यायला जागा कुठे, हा त्याचा रोख. शिपायाची परीक्षा समोरासमोर झुंजवून घ्यायची, जिंकला तर बक्षीस, हरला तर छडी. नुसती कवायत करून दाखवणाऱ्याला शाबासकी नाही.

आणि तरीही त्याच ग्रंथात निःशस्त्र झुंजीवर त्यानं एक प्रकरण लिहिलं. बत्तीस पवित्रे, चित्रांसकट. तिथे तो सरळ सांगून टाकतो की मोठ्या लढाईत हातापायांच्या या विद्येचा उपयोग नाही. मग लिहिलं कशाला? तर हातपाय मोकळे व्हावेत, अंगाला वळण लागावं, नवख्या माणसाला या विद्येत शिरायला दार मिळावं म्हणून. मला हा माणूस आवडतो तो या प्रामाणिकपणासाठी. निरुपयोगी म्हणून फेकून दिलं नाही, आणि उपयोगी म्हणून खोटी जाहिरातही केली नाही. पुढे उतारवयात, १५८४ मध्ये, त्यानं ग्रंथाची नवी आवृत्ती केली, तेव्हा मात्र हे प्रकरण गाळून टाकलं.

त्या प्रकरणात त्यानं आपल्या काळातल्या नामांकित वस्तादांची यादी दिली आहे. एकाची पकड, एकाचं पाडणं, एकाचा ठोसा. आणि लाथेसाठी शांतुंग प्रांतातला ली बान्तियान. ‘बान्तियान’चा शब्दशः अर्थ अर्धं आकाश. अर्ध्या आकाशाचा ली! काय लाथ मारत असेल हो हा माणूस! त्याच्याबद्दल इतिहासाला याहून फारसं ठाऊक नाही. एवढं टोपणनाव उरलं आहे. पण छी जिग्वांगची तक्रार अशी की हे सगळे वस्ताद अर्धे आहेत. कुणाला वरचं येतं, खालचं येत नाही. कुणाला खालचं येतं, वरचं येत नाही.

आता या उडत्या लाथेचा हिशेब जरा मांडून बघू. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याचा असतो. हात वजनाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे पाय हाताच्या तिप्पट जड. शिवाय लांब. गिरकी घेतली की अख्ख्या शरीराचा वेग त्या टाचेत उतरतो. अशी टाच कानशिलावर बसली तर माणूस जागेवर आडवा होतो, यात शंका नाही. लाथ खोटी नाही. अडचण ती बसण्याची आहे. दीड फूट उंच उडी मारली तर माणूस सुमारे सहा दशांश सेकंद हवेत असतो. समोरच्याला दिसल्यापासून हालचाल करायला पाव सेकंद लागतो. म्हणजे तो बाजूला सरकून वर तुमची वाट बघत उभा राहू शकतो. आणि तुम्ही? पाय जमिनीवरून सुटले की तुमचा रस्ता ठरला. धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखं मध्येच मन बदलता येत नाही. गिरकीत क्षणभर पाठ शत्रूकडे होते, ते वेगळंच. खाली उतरायचं ते बहुधा एका पायावर, आणि ओल्या फरशीवर उतरायची वेळ आली तर शत्रूची गरजच नाही.

म्हणून चीनमधल्या जुन्या, कसदार लाथा खालच्या होत्या. ‘दक्षिणेची मूठ, उत्तरेचा पाय’ अशी तिकडे म्हण आहे. दक्षिणेत होड्या आणि चिखल, म्हणून पाय रोवून हातांनी लढणं. उत्तरेत मोकळी मैदानं, म्हणून पायांचा वापर, असं त्याचं कारण लोक सांगतात. ते लोकांचं स्पष्टीकरण आहे, तेवढ्याच बेतानं घ्यावं. पण या उत्तरेच्या पायाचा पाया म्हणजे ‘तान्तुई’, उसळता पाय. तान्तुईच्या दहा ओळी असतात. एका ओळीत ठरलेल्या हालचाली पुन्हा पुन्हा, आधी डावीकडून, मग उजवीकडून. आणि तिची लाथ जाते नडगीला, गुडघ्याला, फार तर कमरेपर्यंत. ती धरता येत नाही, चटकन परत येते, आणि मारणाऱ्याचा तोल जात नाही.

ही तान्तुई चीनमधल्या हुई मुसलमानांची विद्या म्हणून ओळखली जाते. तिच्या दहा ओळींच्या प्रकाराला ‘धर्ममंडळींची तान्तुई’ असंच नाव आहे. त्यांचीच दुसरी विद्या ‘चाछ्वान’. ती पश्चिमेकडून आलेल्या चा नावाच्या एका आजारी योद्ध्यानं शांतुंगच्या गावकऱ्यांना कृतज्ञता म्हणून शिकवली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सगळ्याच तालमींना असतात. पण वांग झीपिंग हा आख्यायिकेतला नाही, इतिहासातला माणूस. जन्म १८८१, हेबेई प्रांतातलं त्सांगझोउ हे गाव, घराणं हुई. चाछ्वानमध्ये तयार झाला, कुस्तीत तयार झाला आणि पुढे शांघायमध्ये हाडवैद्य म्हणून नावाजला. हाडं मोडता येणाऱ्यालाच ती जोडता येतात, हे आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादांनाही ठाऊक असतं. १९६० मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय ब्रह्मदेशाला गेले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या पथकात हा म्हातारा होता. वय ऐंशीच्या घरात. १९७३ मध्ये तो वारला.

मग या साध्या, खालच्या लाथेची उंच, फिरती, कशिदा काढलेली लाथ कशी झाली? एक उत्तर पोटात आहे. शांततेच्या काळात पहिलवानानं खायचं काय? तो बाजारात उभा राहायचा, चार उड्या मारून गर्दी जमवायचा आणि मग मुरगळल्या हातापायावरचा लेप विकायचा. नडगीवर मारलेल्या लाथेला गर्दी जमत नाही. दुसरं उत्तर रंगभूमीवर आहे. १७९० मध्ये छ्येनलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्हुई प्रांतातल्या नाटक मंडळ्या बीजिंगला आल्या, आणि त्यातून पुढे बीजिंगचा ऑपेरा घडला. त्यात लढवय्या नायकाची खास भूमिका असते. गाणं कमी, कोलांट्या जास्त. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसेल अशी लाथ मारायची म्हणजे ती डोक्याच्या वर जायलाच हवी. इथे समोरच्याला लागू नये हेच तर कौशल्य!

मी मुशायऱ्यांतही वावरलो आहे आणि मराठी कविसंमेलनांतही, त्यामुळे हा मामला मला ओळखीचा वाटतो. टाळी घेणारी ओळ वेगळी बेतावी लागते. ती घरी एकट्यानं वाचताना बऱ्याचदा पडते. पण म्हणून टाळी घेणारा कवी लबाड असतो असं नाही. त्याचंही पोट असतं.

कोरियातल्या उंच लाथांबद्दल एक कथा फार सांगितली जाते : पूर्वी पायदळाचे शिपाई उडी मारून घोडेस्वाराला लाथेनं खाली पाडत. ऐकायला झकास. पण १७९० मध्ये राजा जोंगजोच्या आज्ञेनं तयार झालेला ‘मुये दोबो तोंगजी’ हा कोरियाचा अधिकृत युद्धग्रंथ उघडला तर त्यात २४ प्रकार आहेत. बहुतेक भाला, तलवार, ढाल यांचे आणि काही घोड्यावरचे. निःशस्त्र झुंजीवर एक प्रकरण आहे, त्याचा आधारही आपल्या छी जिग्वांगचाच ग्रंथ. घोडेस्वाराला लाथ मारायला तो कुणाला सांगत नाही. हातात भाला असताना कोण कशाला लाथ मारील?

रंगमंचावरचं शौर्य खरं मानलं तर काय होतं, याचं उत्तर १९०० मध्ये मिळालं आणि ते फार दुःखद आहे. शांतुंगच्या दुष्काळी, पिचलेल्या खेड्यांतली तरुण पोरं परकीयांविरुद्ध उठली. इंग्रजांनी त्यांना ‘बॉक्सर’ म्हटलं, कारण ती मुठी-लाथांची कवायत करत. मंत्र म्हणून, अंगात देव आणून आपल्याला बंदुकीची गोळी लागत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. आणि अंगात येणारे देव कोण? तर गावच्या जत्रेतल्या नाटकांमधले वीर. वानरराज सुन वुखोंग, योद्धा ग्वान यू. ज्यांना त्यांनी लहानपणापासून रंगमंचावर उड्या मारताना पाहिलं होतं, तेच. समोर आठ राष्ट्रांच्या फौजा आणि त्यांच्या रायफली. बीजिंगमधल्या वकिलातींचा ५५ दिवसांचा वेढा १४ ऑगस्ट १९०० रोजी उठला, तेव्हा आत शिरलेल्या पहिल्या सैनिकांमध्ये हिंदुस्थानी पलटणींचे शीख आणि रजपूत होते. सातव्या रजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंह या शिपायानं नंतर ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहिलं. ज्यांच्याशी लढायला गेला त्या चिनी माणसांबद्दल त्याच्या मनात कणव होती. गोळीपुढे कुणाची मूठ चालली नाही की लाथ.

या धक्क्यानंतर चिनी सुधारकांनी जुन्या विद्येची झाडाझडती घेतली. मार्च १९२८ मध्ये नानजिंगला मध्यवर्ती ‘ग्वोशू’ संस्था निघाली. ग्वोशू म्हणजे राष्ट्रकला. तिच्या शाओलिन विभागाचा प्रमुख होता तोच आपला वांग झीपिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशभरच्या तालमींतल्या माणसांना बोलावून खुल्या झुंजी लावल्या. अनेकजण जखमी झाले. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. एकट्यानं कवायत करताना प्रत्येकाचं घराणं ओळखू यायचं. कुणी माकडासारखा, कुणी करकोच्यासारखा. झुंज सुरू झाली की सगळे एकसारखेच दिसायला लागले. ठोसा, धक्का, खालची लाथ, पाडापाडी.

१९४९ नंतर नव्या राजवटीनं गंगा उलटी वळवली. झुंज नको, व्यायाम हवा. १९५८ मध्ये चिनी वुशू संघटना स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षी नियम ठरले, तेव्हा आदर्श होता जिम्नॅस्टिक्सचा. गुण कशाला? तोल, लवचिकता, उडीची उंची, उतरण्याचा ठामपणा. १९७४ मध्ये या वुशूचं एक पथक अमेरिकेला गेलं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये त्यानं खेळ केला. त्यात अकरा वर्षांचा ली ल्येन्ज्ये होता. तो पुढे जेट ली म्हणून जगाला माहीत झाला. २००० नंतरच्या दशकात स्पर्धांमध्ये ‘कठीणता’ नावाचे वेगळे गुण आले. हवेत दीड गिरकी, दोन गिरक्या, आणि उतरताना ठरलेल्या पवित्र्यात. जमिनीला पाय टेकताना शरीर अजून फिरत असतं, तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात. कशिद्याच्या पायाची ही किंमत खेळाडू स्वतः मोजतो.

पण झुंजीची भूक मेली नव्हती. १९७९ मध्ये चीननं ‘सान्दा’ची चाचणी सुरू केली : हातमोजे, ठोसे, लाथा आणि पाडणं. म्हणजे एकाच छपराखाली दोन भावंडं वाढली. एक एकट्यानं, गालिच्यावर, गुणांसाठी; दुसरं समोरासमोर. आपल्याकडे वुशूत नाव झालं ते या दुसऱ्या भावंडामुळे. २०१७ मध्ये रशियातल्या कझान इथे पूजा कादियाननं जागतिक स्पर्धेत भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं ते सान्दात, आणि २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवीनं रौप्य मिळवलं तेही सान्दातच.

मग एकट्याच्या उड्या फुकट का? इथे मला आपला मल्लखांब आठवतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर मल्लखांबावर घटले ते कुस्तीसाठी, असं आपली परंपरा सांगते. खांबाशी कुणी कुस्ती जिंकत नाही. पण पकड, पीळ आणि उलटं लटकूनही डोकं थंड ठेवण्याची सवय तिथून येते. छी जिग्वांग ज्याला दार म्हणाला होता, ते हेच असावं.

आणि पडद्याचं काय? ब्रूस ली हाँगकाँगमध्ये शिकला ती विंग चुन, दक्षिणेची विद्या. लाथ कमरेखाली ठेवणारी. पडद्यावर मात्र त्याचा पाय कानापर्यंत जातो, कारण कॅमेऱ्यालाही मागच्या रांगेतल्या प्रेक्षकासारखं लांबून दिसायला हवं असतं. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तो उलटी कोलांटी घेत शत्रूच्या हनुवटीला लाथ मारतो, ते दृश्य कित्येकांच्या डोळ्यांसमोर असेल. ती कोलांटी त्याची नाही. ती युएन वाह या बदली कलाकाराची आहे. आणि युएन वाह कुठे तयार झाला? हाँगकाँगमधल्या ऑपेराच्या शाळेत, जॅकी चॅन आणि सॅमो हंग यांच्याबरोबर. म्हणजे वाढदिवसाला आलेल्या त्या नाटकवाल्यांचा पाय अखेर पडद्यापर्यंत पोचला.

तरीही पोराच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘नाही’ असं देता येत नाही. मार्च २००८ मध्ये सान्होजे इथे कुंग ली या सान्दा खेळाडूनं फ्रँक शॅमरॉकला इतक्या लाथा मारल्या की त्या अडवता अडवता शॅमरॉकचा हात मोडला. त्या साध्या, फेकीच्या लाथा होत्या. उडत्या लाथेचं उदाहरण त्याच्या दोन वर्षं नंतरचं. १६ डिसेंबर २०१०, अमेरिकेतलं ग्लेनडेल शहर. जाळीच्या पिंजऱ्यातली लढत, पाचवी आणि शेवटची फेरी. अँथनी पेटिस धावत गेला, जाळीवर पाय रोवला, तिथूनच हवेत झेपावला आणि उलट दिशेनं बेन हेंडरसनच्या तोंडावर लाथ बसवली. ही लाथ बसली, कारण जाळीतून लाथ येईल असं हेंडरसनच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्यांदा तीच मारली असती तर तो तयार असता. लोक उभे राहून ओरडत होते. हेंडरसन कोसळला, पण उठला. उरलेली फेरी लढला, आणि पेटिस जिंकला तो पंचांच्या गुणांवर.